पंचमीची माती

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेते. मला काय कुणाच्या बापाची भीती हाय? जालिंदर. बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरला गेला, शुक्रवार पेठेत एका भुसार दुकानात पोती उचलायला. दुष्काळ सरला, कितीतरी गडी गावाकडं फिरले, ह्यो काय फिरला न्हाय. सणासुदीला यायचा, पोरांना शेवचिवडा आणायचा, अन् पोटात दोन घास गेले की तेच तुणतुणं लावायचा. "चांगुणे, हितं काय ठेवलंय? चल माझ्यासंगट. खोली बघून ठेवलीया."

खोली! बघून आले व्हते मी ती खोली एकदा. पत्र्याचं खोपट, दाराला दार लागलेलं, नळावर बायांची झोंबाझोंबी. अन् ह्याची कंबर दिवसभर पोती वाहून अशी झालेली, की नुसतं कुशीवर वळायचं म्हणलं तरी आई आई करायचा. तितं जाऊन मी काय करणार व्हते? विड्या वळणार. अन् हितं आमची वतनाची जमीन हाय, थोडकी का असंना, आमच्या नावावर हाय. विहीर हाय. फकस्त तिला संक्रांतीपतोर पाणी, मंग तळाला चिखल.

तवा मागंल त्याला काम, असं सरकार म्हणाय लागलं. रोजगार हमी म्हणत्यात ती. आमी मागितलं. मागितलं म्हंजी लई मागितलं, तालुक्याच्या कचेरीच्या पायरीवर पोरं घेऊन बसलो, शिपाई उठवायला आला तर त्यालाच म्हणले, "बाबा, तूबी बस की." शेवटाला गावाच्या वरल्या अंगाला, ओढ्यावर पाझर तलाव मंजूर झाला. ओढा अडवायचा, पाणी मुरवायचं, खालच्या विहिरी भरायच्या. आमची विहीर बरोबर खाली.

गेल्या दिवाळीला जालिंदर आला, तवा मी त्याला अर्धवट बांधावर नेऊन उभा केला. तो हसला. "सरकारी काम ते," म्हणला, "तुझ्या नातवाला दिसंल पाणी." माझं डोस्कं फिरलं. म्हणले, "लावता पैज? येत्या दिवाळीला हितं पाणी दिसलं तर तुमी गावात राहायचं. न्हाय दिसलं, तर मी मुकाट्यानं पोरं घेऊन तुमच्या खोलीत येते, अन् जन्मात परत गावाचं नाव काढणार न्हाय." तो म्हणला, "बघ हां." मी म्हणले, "बघितलं." झालं. माझा स्वभावच तसला. पर बोललेलं मागं घ्यायची सवय मला न्हाय, अन् त्यालाबी न्हाय, म्हणून तर संसार टिकला.

आता कामाचं सांगते. कामावर दोन टोळ्या व्हत्या. सरकारनं न्हाय पाडल्या, आमच्या आमीच. गावाची मोठी टोळी, तिचा मुकादम वीरभद्रप्पा. अन् बौद्धवाड्याची धाकटी टोळी, तिची मुकादम मी. ज्या त्या टोळीनं आपली माती आपण खणायची, आपण भरायची, आपण बांधावर नेऊन टाकायची. बांध एक, हजेरी एक, पर कुणाचा कुणाला हात लागत नव्हता. पाण्याचे माठबी दोन. आमचं गाव अक्कलकोटाकडचं, अर्धं मराठी बोलतं, अर्धं कानडी; पर ह्या एका बाबतीत दोनी भाषा सारख्याच चालत्यात.

गावाच्या टोळीत नागव्वा व्हती. उंच बाई, कपाळाला इभूत, अन् आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हस मागं वळावी. तिचं माझं रोज वाजायचं. "चांगुणे, तुमची पाटी अर्धीच कशी गं?" "नागव्वाक्का, तुमच्या पाटीत मातीपेक्षा बोलणंच जास्त." ती हसायची तवा सगळं अंग हलायचं. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आलेली. आईमागं धाकट्या भावाला, शिवयोगीला, तिनंच वाढवला. अन् तो शिवयोगी आमच्या जालिंदराच्याच मागं सोलापूरला गेला, त्याच दुकानात, त्याच पोत्यांना. तवापास्नं भांडता भांडता ती मधीच आवाज खाली करायची. "तुझ्या मालकाचा निरोप आला का? आमच्या तम्माचं काय म्हणला?" तम्मा म्हंजी त्यांच्या कानडीत धाकटा भाऊ. मी सांगायची, बरा हाय. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

श्रावण लागला तवा समदा बांध वर आला व्हता. सांडवाबी झाला व्हता. मधली घळ तेवढी राहिली. ओढ्याला जायला वाट म्हणून ती शेवटपतोर मोकळी ठेवत्यात, अन् शेवटाला एका दमात भरत्यात. आमच्याकडं खरा पाऊस पडतो तो उत्तरा-हस्ताचा, म्हणून जीव शांत व्हता. घळ उघडी असताना पूर आला तर मातूर खैर न्हाय. पाणी दोनी बाजूच्या कडा खात जातं अन् साल दीड सालाची मेहनत चहाच्या रंगाची व्हऊन खालच्या गावाला जाते.

अन् अशात ओव्हरसियर अण्णाराव आले. सोलापूरचेच, तरणे, माणूस गुणी, पर बोलायच्या आधी घाम पुसायचे. म्हणले, "रोलर दुसऱ्या कामावर न्यायचा हुकूम झालाय. येत्या पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हलणार. माती दाबल्याशिवाय घळ भरता येत नाही. तेव्हा पंचमीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरली तर भरली, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! मला समोर शुक्रवार पेठेतलं ते पत्र्याचं दार दिसलं. पर बाकीची माणसं वर्षाचं बोलतच नव्हती. ती एकमेकांच्या तोंडाकडं बघत व्हती. पंचमी, नागपंचमी. त्या दिवशी आमच्याकडं माती खणत न्हाईत. नांगर धरत न्हाईत, कुदळ मारत न्हाईत, विळीवर भाजीसुद्धा चिरत न्हाईत. मातीत नागाची पिल्लं असत्यात म्हणे, त्यांना लागलं तर नाग खणणारीच्या भावावर डूख धरतो. भावासाठी बहिणी उपास करत्यात, वारुळाला दूध घालत्यात. पंचमीला भावासाठी जेवढं करावं तेवढं थोडं.

आमच्यात छप्पन साली दीक्षा घेतल्यापास्नं हे समदं सोडलं. सोडलं म्हंजी, माझी सासू येसूबाई, आमी आत्याबाई म्हणतो, त्या अजून पंचमीला विळीला हात लावत न्हाईत. विचारलं तर म्हणत्यात, "आज दात दुखतोय, भाजी नगं." दर साली बरोबर पंचमीलाच दुखतो त्यांचा दात. बाबासाहेबांच्या फोटोकडं बघायचं बी टाळत्यात त्या दिवशी.

अण्णारावांनी जोर केला न्हाय. कसा करतील? त्यांच्या घरीबी पंचमी. ते नुसता घाम पुसत राहिले. तवा वीरभद्रप्पा खाकरला. पंचा झटकून खांद्यावर टाकला अन् म्हणला, "हात्तिच्या, त्यात काय एवढं! चांगुणेची माणसं पंचमी पाळत न्हाईत. त्यांनी खणावं, आमच्या माणसांनी वाहावं. वाहायला कुटं बंदी हाय?"

समद्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "हौदु, हौदु," बाया कानडीत व्हय व्हय म्हणाय लागल्या. अण्णारावांनी रुमाल खिशात घातला. अन् माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"अप्पा," मी म्हणले, "तुमच्या माठाला आमचं बोट लागलं तर माठ बाटतो. अन् तुमच्या नागाचं पाप आमच्या हाताला लागलं तर चालतंय व्हय? तुमचे भाऊ जगावेत, आमचे काय उकिरड्यावर पडलेत?"

बाया पदर सावराय लागल्या. वीरभद्रप्पा मातूर गालातल्या गालात हसला. म्हातारा लई बेरकी. "तूच म्हणतीस की, चांगुणे, तुमच्यात नागाचं पापच न्हाय. मंग लागंल कसं?"

खरंच व्हतं ते. मी मानत नव्हते. नाग मला काय करणार नव्हता, मला डसलं ते निराळंच. सालभर आमचा हात नगं, अन् अडलं की आमचाच हात सोयीचा! नगं म्हणावं, अन् टोळी घेऊन घरी बसावं, असं लई वाटलं. मान राहिला असता. पर मान घेऊन मी कुटं गेले असते? त्या खोलीत. समद्या गावात त्या तळ्याची गरज कुणाला सगळ्यात जास्त असंल तर ती मला, अन् हे मला एकटीलाच ठाऊक.

"खणतो," मी म्हणले. "पर सांगून ठेवते, तुमची पंचमी राखायला न्हाय. तळ्यासाठी."

घरी येताना माझा दीर धोंडिराम फुरफुरत व्हता. "वैनी, आपण काय त्यांचे राबते गडी हाय का? त्यांनी पुण्य करायचं, आपण त्यांचं खणायचं?" मी म्हणले, "धोंडिराम, तुला तुझा भाऊ घरी पाहिजे का न्हाय?" तो म्हणला, पाहिजे. "मंग उद्या कुदळीला दांडा नीट बसवून आण." त्यानं वाटंतला दगड लाथाडला. पर मला त्याचं बोलणं पटलं व्हतं, अन् ते त्यालाबी कळलं व्हतं.

पंचमीला उजाडताच आमी खणाय लागलो. बौद्धवाड्यातली समदी हाती-पायी धड माणसं आणली व्हती मी. गावाच्या बाया मागनं आल्या, वारुळाला दूध घालून, केसात फुलं, हातात नव्या बांगड्या, अन् कमरेला रिकाम्या पाट्या. नटून थटून मातीकामाला आलेल्या बाया मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. आमची माती तयार व्हती. धोंडिरामानं पहिली पाटी खोऱ्यानं काठोकाठ भरली. अन् मंग घोळ झाला.

भरलेली मातीची पाटी एकटीच्यानं डोक्यावर जात न्हाय. ज्यानं भरली त्यानं एका कडेनं धरायचं, जिनं न्यायची तिनं दुसऱ्या कडेनं, अन् अगदी तोंडाजवळ तोंड आणून एका हिसक्यानं वर द्यायची. रोज आपापल्या टोळीत हेच चालायचं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खणायचं पाप कुणाकडं, वाहायचं कुणाकडं, ह्याचा आदल्या दिवशी काथ्याकूट झाला. पाटी उचलून कोण देणार, हे कुणी विचारलंच न्हाय. आता पाटी मधी, इकडं धोंडिराम, तिकडं नागव्वा, अन् समदं गाव बघतंय.

मला हसू आलं. खरं सांगते, त्या घडीला मला लई हसू आलं. मी कुदळीवर रेलून म्हणले, "अप्पा, आता काय करायचं? नाग परवडला का हात परवडला?"

वीरभद्रप्पानं तोड काढली. आमी पाटी भरून मागं सरायचं, मंग गावाच्या दोन बायांनी पुढं यायचं अन् एकमेकींना उचलून द्यायची. तसं सुरू झालं. पर त्यानं काय व्हतंय? निम्म्या बाया उचलून द्यायलाच गुंतल्या. आमी भरायचं, मागं सरायचं, पुन्हा पुढं यायचं. फुगडीत कसं मागं-पुढं व्हतात, तसला खेळ. बांधावर माती येईना, रोलरवाला इंजिन चालू ठेवून बिडी ओढत बसला.

अन् नागव्वाचा पारा चढला. तिला असला रडतखडत कारभार कधीच सोसला न्हाय. ती सरळ चालत माझ्यापुढं आली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, डोक्यावर चुंबळ बसवली. "धर गं तिकडनं," म्हणली. "सांज इथंच करायची हाय का?"

मी पाटीची कड धरली. तिनं धरली. पाटीखाली तिची बोटं माझ्या बोटांवर आली, अन् तिनं ती काढली न्हाईत. तिच्या कपाळावरची इभूत मला येवढ्या जवळनं दिसली. पाटी डोक्यावर गेली अन् ती वळली. मागच्या बाया थोड्या चुळबुळल्या, एकमेकींना ढोसलं, अन् मंग रांग सुरू झाली. वीरभद्रप्पा पाठ करून उभा राहिला अन् रोलरकडं असं निरखून बघाय लागला, जसा तो इकत घ्यायचाय.

दुपारपतोर काम झपाझप झालं. घळ कमरेयेवढी वर आली. मी मनात म्हणले, जालिंदरा, आता आवर तुझं चंबूगबाळं. अन् तेवढ्यात वरल्या अंगाला, ओढा जिथनं येतो तिकडं, आभाळ काळंभोर झालं. वाऱ्याला ओल्या मातीचा वास यायला लागला. आमच्या इथं एक टिपूस न्हाय, पर वर पडत व्हता, हे आंधळ्यालाबी कळलं असतं.

आता दुसरी गोम निघाली. आमची घरं थोडी, खणणारे थोडे. गाव मोठं, वाहणाऱ्या लई. सकाळी आमच्यात दम व्हता तवर निभलं. आता खालची माती टणक लागली. कुदळ उडाय लागली. तळहाताचे फोड फुटले, दांडा हातात चिकट झाला. पोरांच्या झोळ्यांपाशी बसलेल्या आत्याबाई उठून आल्या अन् त्यांनी खोरं उचललं. मी म्हणले, "आत्याबाई, तुमचा दात?" "राहिला दुखायचा," म्हणल्या. पर म्हातारीचं बळ ते किती? गावाच्या बाया रिकाम्या पाट्या घेऊन रांगेत उभ्या, अन् द्यायला माती न्हाय.

अण्णाराव धावत आले. "चांगुणाबाई, थांबवा. नाही जमायचं. वरून पाणी आलं तर रोलर अडकेल. मी बाजूला काढून घेतो."

"थोडं थांबा साहेब."

"किती थांबू? तुमची माणसं पडायला आलीत."

मी कुदळ मारली. ती दगडाला लागून उलटी आली अन् माझ्या खांद्यातनं कळ गेली. मी तिथंच मातीत बसले. रडणारी बाई न्हाय मी. पर तवा रडले. हातांनी न्हाय, त्या रिकाम्या पाट्यांनी रडवलं मला. इतकी माणसं, इतके धडधाकट हात, अन् समोर माझं घर मोडतंय, अन् ते हात बांगड्या सावरत उभे हाईत. त्या बायांचा मला इतका राग आला, इतका राग आला, की त्यांच्या भावांना काय व्हायचं ते व्हऊ दे, असंसुद्धा मनात आलं.

नागव्वा खड्ड्याच्या काठावर उभी व्हती. "चांगुणे, ऊठ."

"उठून काय करू? तुझी पाटी भरायला हात कुटनं आणू?"

तिनं वर आभाळाकडं बघितलं. मंग पाटी फेकली, खड्ड्यात उतरली अन् माझ्या हातातली कुदळ ओढून घेतली.

"नागव्वा!" वरनं वीरभद्रप्पा ओरडला. "ब्याडा! नको! भाऊ हाय तुला, नागव्वा!"

"हाय की अप्पा," ती म्हणली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "भाऊ हाय. पर तो हाय कुटं? मी साला-साला उपास धरते, माती खणत न्हाय, भाजी चिरत न्हाय. अन् तो तितं लोकांची पोती वाहतोय. हितं पाणी न्हाय म्हणून वाहतोय. मी ही माती खणली न्हाय, तर तो जन्मभर तितंच वाहणार. कसला नाग त्याला आणून देणार हाय मला?"

अन् तिनं कुदळ मारली. पहिला घाव नीट बसला न्हाय. दुसरा बसला. ती खणत व्हती अन् तोंडानं कानडीत पुटपुटत व्हती, डोळ्यांतनं पाणी गळत व्हतं, पुसायला ती थांबत नव्हती. मी ऐकलं. "माफ कर नागप्पा, मला डस, त्याला नगं. मला डस, त्याला नगं." मघाशी मनात आलेलं आठवून मला माझीच लाज वाटली. मी उठले, खोरं घेतलं अन् तिच्या बाजूला माती ओढाय लागले.

एक उतरली, दुसरी उतरली. गडी माणसं उतरली. कुणी म्हणालं, आपल्याला भाऊच न्हाय. कुणी म्हणालं, ही वरची माती, हिच्यात कुटला आलाय नाग. वीरभद्रप्पा सगळ्यात शेवटी पंचा कमरेला बांधून खाली आला. "मी फकस्त भरतो," त्यानं समद्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "भरणं म्हंजी खणणं न्हवं." कुणी वाद घातला न्हाय. कोण कुणाची माती भरतंय अन् कोण कुणाच्या डोक्यावर देतंय, ह्याचा पार इस्कोट झाला व्हता. दिवस मावळायच्या आत घळ भरली. रोलर तिच्यावरनं फिरला, पुन्हा फिरला, अन् बांध ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर एक झाला. वरनं पाणी आलं ते घोट्यायेवढं, बांधाला टेकलं अन् गुमान उभं राहिलं.

गोष्ट हितं संपली असती तर बरं झालं असतं. पर गाव हाय ते. दुसऱ्या दिवसापास्नं कुजबुज सुरू. खणलं समद्यांनी, पर पहिली कुदळ नागव्वाची. तिच्या भावावरच येणार, असं पाणवठ्यावर बाया बोलाय लागल्या. अन् नेमका तवाच सोलापूरचा बाजार करून आलेला एक जण सांगत सुटला, शिवयोगी दुकानात दिसला न्हाय म्हणून. झालं. नागव्वा वाळाय लागली. भांडायची थांबली. मी मुद्दाम खोड काढायची, "नागव्वाक्का, पाटी अर्धीच हाय," तर नुसती बघायची. उत्तरा बरसल्या, हस्त धो धो पडला, तळं चढत चढत सांडव्याला लागलं, आमच्या विहिरीत पोरं उड्या टाकाय लागली. समदं गाव बांधावर येऊन बघून गेलं. ती न्हाय आली. तळं भरल्याचा निरोप आमी सोलापूरला धाडला, पर उलट निरोप आलाच न्हाय.

मी तिला सांगायची, असं काय नसतंय अक्का. मी न मानणारी बाई. पर सोलापूरची एसटी दिसली की मीबी उतरणाऱ्यांची तोंडं निरखायची, खोटं कशाला बोलू? त्याला काय झालं असतं तर ते पाणी मला गोड लागलं नसतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी एसटी आली. थांबा बांधाच्या टोकालाच हाय. मी उभी व्हते, अन् नागव्वाबी येऊन उभी राहिली, माझ्यापास्नं जरा लांब. पारावर वीरभद्रप्पा अन् म्हातारी माणसं बसलेली. जालिंदर उतरला. हातात पिशवी. त्याच्यामागं एक म्हातारी उतरली, अन् दार लागलं.

नागव्वा खालीच बसली. रस्त्यावर, मातीत.

"शिवयोगी कुटं हाय?" मी ओरडले. नवरा सणाला आलाय, त्याला ना राम ना जयभीम, अन् मी त्याच्यावर ओरडतेय.

"शिवयोगी?" जालिंदर गोंधळला. "टेंभुर्णीला हाय की. मालकानं तितं नवं गोदाम घेतलंय, श्रावणापास्नं तो तितंच असतो. बरा हाय, चांगला जाड झालाय. मला म्हणला, जालिंदर, तू आधी जा अन् त्या तळ्यात खरंच पाणी हाय का बघ. असलं तर निरोप धाड, मी येतो. बाया काय, म्हणला, कायबी सांगत्यात."

नागव्वानं मान वर केली. तिला कळायला थोडा येळ लागला. मंग ती उठली अन् तिचा तो जुना आवाज फुटला, ओढ्यापलीकडं जाणारा. "मेला! गाढव! बहिणीवर इस्वास न्हाय त्याचा! मी हितं रोज मरतीया, अन् त्याला पाण्याची खातरी पायजे!" ती रडत व्हती का हसत व्हती, मला सांगता येणार न्हाय. "जालिंदरा, त्याला निरोप दे. म्हणावं, तुझ्या बहिणीनं पंचमीला माती खणली. भर पंचमीला, पहिली कुदळ तिची. अन् तू जिता हाईस, जाड झालाईस, तवा गुमान घरी ये."

"सांगतो, सांगतो," जालिंदर दोन पावलं मागं सरला. "पर पाणी हाय का खरंच?"

नागव्वानं त्याचं मनगट धरलं. भर रस्त्यात, पारावर वीरभद्रप्पा बसलेला असताना, तिनं माझ्या नवऱ्याचं मनगट धरलं अन् त्याला फरफटत बांधावर चढवला. मी मागनं पळाले.

वर जाऊन तो उभा राहिला. पाणी पार वरच्या बाभळींपतोर पसरलं व्हतं. पिशवी त्यानं कधी खाली ठेवली ते त्यालाबी कळलं नसंल. खालच्या अंगाला आमचा तुकडा दिसत व्हता, विहिरीवर धोंडिराम मोट जोडत व्हता. जालिंदरानं आधी तळं बघितलं, मागनं विहीर बघितली. मंग हळूच म्हणला, "चांगुणे, हे कुणी केलं?"

"आमी," मी म्हणले. "अन् परवापास्नं खालचा पाट खणायचाय, तवा आता तुमीबी."

नागव्वानं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.